दिवाळीपुरते दुकान टाकणाऱ्या गुरुजींस खुले पत्र

आदरणीय गुरुजींस,


वयाची ५८ वर्षे पूर्ण होताच जिल्हा परिषदेने आपल्याला निरोपाचा नारळ दिला आणि आपण लगेच ‘रिकामं बसून काय करू, दिवाळीपुरतं फटाक्यांचं दुकान टाकतो’ असे जाहीर केलेत. ऐकून आष्टीच्या आम्हा दुकानदारांना गहिवरून आले. बारा महिने गल्ल्यावर बसून आम्हाला जे जमले नाही, ते आपण आठवड्यात करून दाखवणार!

दुकान तात्पुरते असले तरी नियम पक्के आहेत. २००८ च्या स्फोटक नियमांप्रमाणे शेड न पेटणाऱ्या साहित्याची, शेजारच्या शेडपासून किमान ३ मीटर आणि वस्तीपासून ५० मीटर लांब हवी. दोन दुकानांची तोंडे समोरासमोर नकोत. आत तेलाचा दिवा चालत नाही, म्हणजे ऐन दिवाळीत पणती न लावण्याचा मान आपला. परवान्यासाठी हेलपाटे होतील; पण जन्मभर पोषण आहाराचे तक्ते भरलेल्या माणसाला त्याचे काय!

गिऱ्हाइकाची तर चिंताच नको. अर्धा गाव आपल्या हाताखालून गेलेला. तो येईल, पाया पडेल, सुतळी बॉम्ब आणि भुईचक्रे पिशवीत भरेल आणि म्हणेल, ‘गुरुजी, सोयाबीन गेलं की देतो.’ सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. पण परतीच्या पावसाने माल भिजला आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला की आडतीवर भाव कोसळतो. मग कापसाचा वायदा. आपली पेन्शन महिन्याला येते, गिऱ्हाइकाचा पैसा आभाळाकडे बघून येतो. आणि ज्याला पाढे शिकवले, त्याच्या दारात वसुलीला जाणे आपल्याच्याने होणार आहे का?

भाऊबीज उरकल्यावर उरलेला माल तुळशीच्या लग्नात खपवू म्हणाल, तर परवान्याची मुदत संपलेली असेल. घरात बाजेखाली ढकलाल, तर तोही गुन्हाच.

तरीही दुकान जरूर टाका, गुरुजी. फक्त फंडाला हात लावू नका. बुडाले तरी घरी बाईंच्या औषधगोळ्या अडणार नाहीत, एवढेच पैसे घाला. न खपलेला माल परत घेण्याचे ठोक व्यापाऱ्याकडून आधी लिहून घ्या. आणि ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी पहिल्याच दिवशी, स्वतःच्या अक्षरात लावा. त्या अक्षराला गाव अजून भितो.

आपला आज्ञाधारक विद्यार्थी,
एक किराणा दुकानदार,
आष्टी, ता. परतूर, जि. जालना