किती देते?

मराठीत ‘देणे’ हे क्रियापद म्हशीला आणि मोटारीला सारख्याच सहजतेने लागते. म्हैस किती देते या प्रश्नात दूध अध्याहृत असते, तर गाडी किती देते या प्रश्नात ‘ॲव्हरेज’, म्हणजे एका लिटर इंधनात गाडी जितके किलोमीटर चालते तो आकडा. हा प्रश्न विचारून आणि उत्तरावर मान डोलावून पुढे जाणारा मनुष्य सामान्य गिऱ्हाईक होय. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही. उत्तर ऐकल्यावर जो ‘कागदावर की प्रत्यक्षात?’ असे विचारतो, उत्तर देणारा गडबडला की खिशातून पेन काढतो, ‘एसी लावून की बंद ठेवून?’ हा पोटप्रश्न टाकतो आणि समोरच्याची गाडी सुटेपर्यंत त्याला सोडत नाही, तो तुलनाकार. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत असा एक असतोच, आणि दोन असल्यास त्यांचे आपसांत बोलणे नसते.

उरण तालुक्यात सिडकोने वसवलेल्या द्रोणागिरीतील तुलनाकाराला सोसायटीतील मुले ‘ॲव्हरेजकाका’ म्हणतात. ते त्यांना ठाऊक आहे आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरामागे जी कंटेनर फ्रेट स्टेशने पसरली आहेत, म्हणजे बंदरातल्या पेट्या जेथे उघडून, मोजून आणि सीमाशुल्काचे सोपस्कार उरकून मार्गी लावल्या जातात ती गोदामे, त्यांपैकी एकात काकांची कारकुनी आहे, आणि त्यांच्या व्याधीचे मूळ बहुधा तेथेच शोधावे लागेल. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे वजन माल पाठवणाऱ्याच्या नुसत्या शब्दावर न स्वीकारता पडताळून घेण्याचा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. कागदावरचे वजन आणि काट्यावरचे वजन यांतील फरकाकडे दिवसभर पाहणारा मनुष्य संध्याकाळी घरी येऊन मोटारकंपनीच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवील, ही अपेक्षाच अवास्तव होय.

काकांच्या अभ्यासाचा विषय मध्यम आकाराची कौटुंबिक सेडान हा आहे. सेडान म्हणजे इंजिन, माणसे आणि सामान यांना तीन स्वतंत्र कप्पे असलेली, मागे लांब शेपूट काढलेली गाडी. आणि मध्यम आकाराची म्हणजे करसवलतीसाठी चार मीटरच्या आत शेपूट छाटून न घेता सुमारे साडेचार मीटरपर्यंत ऐसपैस पसरलेली. १९९८ साली भारतात आलेली होंडा सिटी, २००६ ची ह्युंदाई व्हर्ना, २०१४ ची मारुती सियाझ आणि २०२२ मधील स्कोडा स्लाव्हिया व फोक्सवॅगन व्हर्टस ही या घराण्यातील ठळक नावे. सियाझ बाजारात आली त्या वर्षीच्या दिवाळीत काकांनी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले, आणि ‘पुढच्या पाडव्याला गाडी’ असे घरात जाहीर केले. तो पाडवा अद्याप यायचा आहे.

येथे स्थलमाहात्म्याचाही थोडा विचार करावा लागतो. करंजाजवळच्या ज्या डोंगरावरून या वसाहतीला नाव मिळाले, तो लक्ष्मणासाठी संजीवनी आणताना हनुमंताच्या हातून गळून पडलेला द्रोणागिरीचा तुकडा आहे, असे स्थानिक लोक मानतात. हनुमंताला नेमकी मुळी ओळखू आली नाही म्हणून त्याने अख्खा पर्वत उचलला, यात काकांना आपल्या पद्धतीला पौराणिक आधार सापडतो, कारण त्यांनीही नेमकी गाडी ठरेना म्हणून सगळ्या कंपन्यांची माहितीपत्रके उचलून घरी आणली आहेत. फरक इतकाच की हनुमंत सूर्योदयापूर्वी पोहोचला, आणि येथे लक्ष्मण अकरा वर्षे निपचित पडला आहे.

तुलनाकाराचे शास्त्र प्रत्यक्षात पाहायचे असेल तर पेट्रोल पंपावर जावे. ॲव्हरेज काढण्याची ग्राह्य पद्धत ‘टाकी फुल टू टाकी फुल’ ही असून, तीत नळी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरायची, किलोमीटरचा काटा शून्यावर आणायचा, गाडी चालवायची, पुन्हा तशीच टाकी भरायची आणि चाललेल्या किलोमीटरना दुसऱ्या खेपेच्या लिटरनी भागायचे, इतकेच असते. परंतु काका यासाठी तोच पंप, तीच नळी आणि शक्यतो सकाळची तीच वेळ धरतात. त्यांची गाडी अर्थात सेडान नसून २००९ ची एक छोटी हॅचबॅक आहे, जी तुलना पूर्ण होईपर्यंत तात्पुरती म्हणून ठेवलेली आहे. ‘झिरो बघा साहेब’ असे पंपावरचा मुलगा म्हणतो तेव्हा काका शून्याकडे देवदर्शनाच्या नजरेने पाहतात. नळी खट्कन बंद पडते, आकडा १,९८७ रुपयांवर थांबतो, आणि ‘दोन हजार करू का?’ असे मुलाने सहज विचारताच काका दोन्ही हात पसरून टाकीच्या तोंडासमोर उभे राहतात, कारण तेरा रुपयांच्या त्या जास्तीच्या पेट्रोलने चारशे किलोमीटरांचे संशोधन नासले असते. मागे उभा असलेला टेम्पोवाला हॉर्न वाजवतो. काका वळून त्याला विचारतात, ‘तुमचा किती देतो?’

पुण्याच्या टेकडीवरील एआरएआय, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली मोटारसंशोधन संस्था, जो आकडा प्रमाणित करते त्याविषयी काकांना आदर आहे, पण तो लांबच्या नातेवाईकाविषयी असावा तसा. ही चाचणी रस्त्यावर होत नसून गाडीची चाके फिरत्या रुळांवर ठेवून, ठरीव वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवत-कमी करत घेतली जाते आणि तीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. तीत सियाझ २०.६५ देते, साध्या इंजिनाची हाताच्या गियरची व्हर्ना १८.६ आणि तशीच सिटी १७.८, पण त्या रुळांवर करळ फाटा नाही, कंटेनर घेऊन आडवा झालेला ट्रेलर नाही आणि पुढच्या सीटवर बसून एसी वाढवा म्हणणारी पत्नी नाही, हा काकांचा आक्षेप कोणत्याही शास्त्रज्ञाला खोडता यायचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला तेव्हा घराजवळ २१.८ किलोमीटरची बिनसिग्नलची प्रयोगशाळा मिळाली म्हणून त्यांना भरून आले. पहिल्याच रविवारी ते हॅचबॅक घेऊन ताशी नेमक्या ९० च्या वेगाने गेले, आणि सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल मोजण्यासाठी एका बाजूचा २५० रुपये टोल भरावा लागला हे लक्षात आल्यावर तो प्रयोग वहीत ‘निधीअभावी स्थगित’ या शेऱ्यासह बंद झाला.

हा प्रश्न मोटारीपुरता राहिला असता तर सोसायटीने तो सोसला असता. पाण्याच्या टँकरपासून मिक्सरपर्यंत सर्व वस्तू काकांच्या मते काही ना काही देतात. पाणजे येथील पाणथळीवर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, पाहायला सोसायटीची सहल गेली तेव्हा सगळे त्या गुलाबी थव्याकडे पाहत उभे होते आणि काका मार्गदर्शकाला विचारत होते, ‘कच्छहून इथवर एका पोटात येतात? म्हणजे देतात किती!’ तळमजल्यावरील आजोबांना पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारे विजेरी यंत्र, बसवले, तेव्हा भेटायला गेलेल्या काकांनी नारळपाणी ठेवले, प्रकृतीची विचारपूस केली आणि डॉक्टरांना हळूच बाजूला घेतले. ‘बॅटरी किती देते?’ डॉक्टरांनी वर्षे सांगितली. ‘ही कंपनीची, की प्रत्यक्षातली?’ आजोबांनी ते ऐकले आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

विश्वासार्हता हे या शास्त्राचे दुसरे अंग. ते इंधनापेक्षा अवघड आहे, कारण गाडी किती देते हे महिन्यात कळते, पण ती किती टिकते हे टिकून झाल्यावरच कळते. स्वयंचलित गियरमध्ये ‘सीव्हीटी’ म्हणजे दोन कप्प्यांवरून सरकणारा पट्टा, जो सुरळीत असला तरी जोरात दाबल्यास इंजिन ओरडते आणि गाडी मागाहून येते. ‘डीसीटी’ म्हणजे दोन क्लचांची पेटी, जी चपळ, पण रांगेत इंच इंच सरकताना तापणारी. काकांना पहिलीचे वागणे पटत नाही आणि दुसरीचा भरवसा वाटत नाही, सबब ते हाताच्या गियरवर येतात. तेथे गुडघा दुखतो म्हणून पुन्हा पहिल्या पानावर जातात. २०२२ मध्ये सिटीची हायब्रिड आली, जी कमी वेगात विजेवर चालते, वीज इंजिनाकडूनच बनवून घेते आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन थेट चाकांना जोडते, आणि जिचा प्रमाणित आकडा २६.५ होता, तेव्हा काका दोन दिवस हर्षभरित होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी भागाकार केला. वर्षाला १०,००० किलोमीटर, साधी गाडी प्रत्यक्षात १५ आणि हायब्रिड २२ देईल, पेट्रोल १०० रुपये, किमतीतला फरक ४ लाख धरला तर तो भरून निघायला जवळपास १९ वर्षे लागतात. आणि खासगी गाडीची पहिली नोंदणी असते १५ वर्षांची.

त्यातच सरकार त्यांना स्वस्थ बसू देत नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक मानक आले आणि वहीतली इंजिने बदलली. पुढे पंपांवर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल येऊ लागले, आणि इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असल्याने जुने सर्व आकडे शास्त्रदृष्ट्या बाद झाले. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे दर बदलले, या वर्गातील गाड्यांवरचा उपकरासह ४५ टक्क्यांचा भार ४० वर आला, आणि किमतीचा रकाना पुसावा लागला. तुलनाकार गाडी घेत नाही म्हणून लोक त्याला चेंगट ठरवतात. प्रत्यक्षात तो दर वेळी परीक्षेला बसतो आणि दर वेळी अभ्यासक्रमच बदलतो, हे कोणी ध्यानात घेत नाही.

शोरूममध्ये काकांचे वर्तन ठरलेले असते. नवशिके गिऱ्हाईक चालकाच्या सीटवर बसून स्टिअरिंग फिरवते; काका मागचे दार उघडून थेट मधल्या जागेवर जाऊन बसतात. तेथे पायांमध्ये जमिनीतून वर आलेला उंचवटा असतो, पाठ टेकते तो भाग कडक असतो, आणि माहितीपत्रकात जी पाच माणसे म्हटलेली असतात त्यांतला पाचवा तो हाच. काका गुडघे जुळवून, कोपरे अंगाशी घेऊन, दोन्हीकडे कल्पित माणसांना जागा सोडून पाच मिनिटे डोळे मिटून बसतात. ‘पनवेलपर्यंत ठीक,’ असे कधी म्हणतात. ‘खोपोलीला उतरावे लागेल,’ असे कधी. मग डिक्की: व्हर्ना ५२८ लिटर, स्लाव्हिया ५२१, सियाझ ५१०, सिटी ५०६. हे आकडे ते शोरूमच्या पोराला न पाहता म्हणून दाखवतात, आणि पोरगा प्रत्येक वेळी चहा मागवतो, कारण हे गिऱ्हाईक नाही हे त्याला कळलेले असले तरी कोणीतरी इतक्या मन लावून त्याचा माल पाहते आहे याचे त्यालाही अप्रूप असते.

दरम्यान सोसायटीच्या पार्किंगमध्ये एसयूव्ही, म्हणजे उंच बांध्याच्या दांडग्या गाड्या, भरत गेल्या. लोकांनी त्या एका दुपारी पाहिल्या आणि दुसऱ्या दुपारी घेतल्या. तरीही, हे नाइलाजाने का होईना नोंदवले पाहिजे, त्यांतली एकही गाडी काकांशिवाय घरी आलेली नाही. ताबा घेण्याच्या आदल्या दिवशी ते टॉर्च घेऊन यार्डात जातात, गाडीखाली वाकतात, टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचतात, ज्यांतले पहिले दोन बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि जुना टायर खपवलेला दिसला तर तो बदलून मिळेपर्यंत जागचे हलत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना, नवरा जहाजावर असताना, एकटीने गाडी घ्यायची होती. काकांनी रजा टाकून तीन दिवस त्यांच्याबरोबर शोरूम पालथी घातली, त्यांच्या माथी मारलेला विम्याचा आणि ‘ॲक्सेसरीज’चा वाढीव खर्च ओळीनिशी खोडून काढला आणि पेढ्यांच्या पुड्याशिवाय काही घेतले नाही. पुडा उघडताना त्यांनी विचारले तेवढेच, ‘पहिली टाकी झाली की सांगाल ना, किती देते?’

त्यांचा विषयच आता मावळतीला लागला आहे. वहीतल्या एसएक्स-४, लिनिया, फिएस्टा, सनी, व्हेंटो, रॅपिड, यारिस या नावांवर एकेक आडवी रेघ आलेली आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सियाझवर आली. ज्या गाडीपासून वही सुरू झाली तिच्यावरची रेघ काकांनी पट्टी ठेवून ओढली.

त्या वहीच्या पहिल्या पानावर, रकान्यांच्याही वर, ‘माणसे ५’ असे लिहिलेले आहे. तेव्हा घरात आई होती, मुलगा आठवीत होता आणि मुलगी पाचवीत. आई चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा नोकरीसाठी हैदराबादला असतो, मुलगी पुण्याला वसतिगृहात. उरणची लोकल सुरू झाल्यापासून काकू भाजीसुद्धा रेल्वेनेच नेरूळहून आणतात. ‘अहो, आपण दोघं,’ त्या परवा म्हणाल्या, ‘पाचशे लिटरच्या डिक्कीत काय, कोथिंबिरीची जुडी ठेवायची?’ काकांनी उत्तर दिले नाही. पहिल्या पानावरचा आकडा मात्र त्यांनी बदललेला नाही, जरी बाकीच्या वहीत खाडाखोड नाही असे एकही पान उरलेले नाही.

गेल्या दसऱ्याला ते पुन्हा शोरूममध्ये होते. पोराने सवयीने चालकाकडचे दार उघडले, मग जीभ चावून मागचे उघडले. काका आत सरकले, मधोमध बसले, गुडघे जुळवले, कोपरे अंगाशी घेतले आणि दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा सोडून डोळे मिटून घेतले.