करंगळी ७ टक्के

कामगाराचा अंगठा ३० टक्क्यांचा असतो. तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका आणि करंगळी प्रत्येकी ७. करंगळीचे नुसते टोक, हाडाला धक्का न लागता उडाले, तर २. हा भाजीमंडईतला भावफलक नव्हे, १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचे पहिले परिशिष्ट आहे, आणि हे टक्के कमाईची ताकद किती घटली याचे आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तेव्हा तक्ताही नव्या घरी बिऱ्हाड घेऊन आला. दोन्ही हात गेले, दोन्ही डोळे गेले, कान ठार बहिरे झाले किंवा चेहरा फारच विद्रूप झाला, तर पुरे १०० टक्के. चेहऱ्याने कोणते यंत्र चालवले जाते याचा खुलासा परिशिष्टात नाही.

तक्ता डावा-उजवा भेद पाळत नाही. बोट सुताराचे की हिशेबनिसाचे, हेही विचारत नाही. ते सर्वोच्च न्यायालयाला विचारावे लागले. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. दुसरा शाबूत आहे, मग १०० टक्के कसले, असे मालकाचे म्हणणे. एका हाताने सुतारकाम होत नाही, हे १९७५ साली न्यायालयाने निकालात लिहिले आणि पूर्ण भरपाई कायम केली.

टक्क्यांचे रुपये करण्याची रीत सोपी आहे. मासिक वेतनाचे ६० टक्के घ्यायचे, वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे, आलेल्या रकमेला बोटाचे टक्के लावायचे. चाळिशीचा गुणक १८४.१७. युनियनने तीन-तीन करार लढून पगार ४०,००० वर नेला असला, तरी यंत्रात बोट सापडताच तो १५,००० वर उतरतो, कारण ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशेबापुरती वेतनाची कमाल मर्यादा तेवढीच ठेवली. त्याआधी सुमारे दहा वर्षे ती ८,००० होती. आता गुणाकार : ९,००० गुणिले १८४.१७ म्हणजे १६,५७,५३०, आणि त्याचे १४ टक्के म्हणजे २,३२,०५४ रुपये २० पैसे. चाळिशीची तर्जनी एवढ्याची. पगारातले २५,००० हिशेबातून गाळणारा कायदा वरचे २० पैसे मात्र सोडत नाही.

यात आणखी एक मेख आहे. २१,००० पर्यंत पगार असणारे ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, छत्राखाली जातात आणि तिथे मृत्यूनंतर वारसांना वेतनाच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने निवृत्तिवेतन मिळते. म्हणजे ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात वरच्या गुणाकाराच्या वाट्याला येणारा प्रत्येक जण २१,००० च्या पुढचाच असणार, आणि त्याला मोजायचे माप १५,००० चे. मर्यादेच्या आत बसणारा माणूस या दालनात येतच नाही.

मृत्यूसाठी ६० ऐवजी ५० टक्के धरतात. तोच चाळिशीचा कामगार दगावला तर १३,८१,२७५ रुपये, शिवाय जुन्या कायद्याप्रमाणे अंत्यविधीचे ५,०००. कायमचा लुळा झालेला कामगार मेलेल्यापेक्षा २,७६,२५५ रुपयांनी महाग पडतो. लुळ्याला दोन वेळा जेवायला लागते, असा त्यामागचा विचार असावा.

भरपाईची मागणी कामगारांकडून आली तेव्हा तिच्यात गुणक नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या सुमारे ५,५०० गिरणी कामगारांनी सह्या करून सरकारपुढे निवेदन ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर आणि शेवटी एक कलम : कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि जन्माचा अधू झालेल्याच्या पोटापाण्याची सोय करावी. रविवार १८९० मध्ये मिळाला. भरपाईचा कायदा लागू व्हायला १ जुलै १९२४ उजाडला, आणि त्यात पूर्ण पगार नव्हताच. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाचा चौथा हिस्सा दर पंधरवड्याला, म्हणजे महिन्याकाठी निम्मा, अशी त्याची आजची रीत आहे.

रक्कम ठरली तरी ती मिळण्यासाठी अपघात ‘नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात’ झालेला असावा लागतो. या चार शब्दांवर वकिलांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. पोरबंदरजवळच्या मिठागरातले कामगार काम आटोपून घरी निघाले, खाडी ओलांडताना होडी उलटली आणि काही जण बुडाले. होडी सगळ्यांसाठी होती, कंपनीची नव्हती. तेव्हा १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई नाकारली. मुंबईत बेस्टचा एक चालक जोगेश्वरी डेपोत काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला. बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो गेला. ही बस त्याला हक्काने, फुकट मिळत होती. म्हणून १९६३ मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने भरपाई मान्य झाली. तात्पर्य, मरायचेच असेल तर वाहन मालकाचे असावे. १९९६ च्या एका निकालातला कामगार सायकलवर होता. कारखाना एक किलोमीटरवर, शिफ्ट साडेचारची, लॉरीची धडक सव्वाचारला. पंधरा मिनिटे आधी बसलेली धडक नोकरीची नसते, असे ठरले.

अपवादही विचारपूर्वक योजले आहेत. कामगार नशेत असेल, मुद्दाम आज्ञा मोडेल किंवा यंत्राचे संरक्षक कवच जाणूनबुजून काढेल, तर भरपाई नाही. पॉवर प्रेसचा सेन्सर चालू असला की दर तासाचे नग कमी पडतात, म्हणून तो शिफ्टच्या सुरुवातीलाच बंद होतो. सुपरवायझरला तो बंद दिसत नाही. बोट तुटल्यावर लगेच दिसतो, आणि कामगारानेच काढला हेही दिसते. मात्र मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्व आले तर मालकाला ही सबब चालत नाही. बोटावर निभावणाऱ्याची चौकशी होते, जिवावर बेतलेल्याची होत नाही.

युनियनच्या करारात यावर उतारा म्हणून समूह अपघात विमा असतो. कायम कामगार त्यात येतात. प्रेसवर बहुधा कंत्राटी पोरगा असतो. त्याच्या बोटाचे टक्के तेवढेच, पण पॉलिसीत त्याचे नाव सापडत नाही. पॉलिसीच्या बारीक छपाईत गिर्यारोहण, फुग्यातून विहार आणि पॅराशूटची उडी वगळलेली असते, म्हणजे दुसरी पाळी उरकून फुग्यात बसणाऱ्या फिटरने आधीच विचार करावा. वारसांनी एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वारसदाखला घेऊन यायचे. पंचनाम्यात एक स्पेलिंग, पगारपत्रकात दुसरे निघाले, की मेलेला माणूस नक्की कोण, इथून सुरुवात.

प्रवासाचा तिढा ईएसआयपुरता २०१० च्या दुरुस्तीने सुटला. नव्या संहितेने घर ते कारखाना ही वाट सगळ्यांसाठीच नोकरीच्या ओघात आणली. अट एवढीच की अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. शिफ्ट सुटल्यावर मुलीला क्लासमधून घेण्यासाठी पाच मिनिटे वाट वाकडी करणाऱ्याचे काय, हे संहितेत नाही. ते वकिलांच्या पुढच्या पिढीसाठी राखून ठेवले आहे.