मामा, जरा साइड!

देवळाली नावाची ठिकाणं महाराष्ट्रात एकाहून जास्त आहेत, आणि नवख्या माणसाची पहिली परीक्षा तिथेच होते. राहुरीजवळ देवळाली प्रवरा आहे. नाशिकरोडला बिटको चौकाच्या अंगाला देवळाली गाव आहे. तिथून भगूरच्या दिशेने काही किलोमीटर गेलं की देवळाली कॅम्प लागतो. शिवाय रेल्वेचं एक देवळाली स्टेशन आहे. ते गावात नसून कॅम्पाच्या बाजूला आहे, पण मुंबईकडून येणाऱ्या बऱ्याच गाड्या त्याला ओलांडून थेट नाशिकरोडलाच थांबतात. त्यामुळे नाशिकरोडला उतरून एखाद्या रिक्षावाल्याला नुसतं ‘देवळाली’ म्हटलंत, तर तो तुमच्याकडे दयेने बघतो आणि विचारतो, “गाव का कॅम्प?” नाशिककर या घोळात पडत नाहीत. ते नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात.

बिटकोला कॅम्पची रिक्षा शोधावी लागत नाही, तीच तुम्हाला शोधून काढते. “कॅम्प-भगूर, कॅम्प-भगूर! चला, एक शीट, एक शीट!” या धंद्यात माणसाला शीट म्हणतात. तुम्ही प्राचार्य असा, फौजदार असा नाहीतर नवरदेव, बिटकोला तुम्ही एक शीट. आणि रिक्षा भरलेली असो की रिकामी, बाकी राहिलेली शीट कायम एकच असते. मी आत डोकावलो तर चिटपाखरू नव्हतं.

“एक शीट म्हणालात ना?”

“तुम्ही बसा ना दादा. निघालोच.”

‘निघालोच’ हे चालकवर्गातलं सर्वांत सभ्य असत्य आहे. त्याची रीत ठरलेली. पहिली शीट बसली की इंजिन सुरू होतं. दुसरी बसली की रिक्षा चार फूट पुढे जाते आणि कोणाच्या लक्षात यायच्या आत चार फूट मागे येते. तिसरी बसली की चालक उतरून चहावाल्याशी दोन शब्द बोलून येतो. आपला प्रवास सुरू झालेला आहे, हा तुमचा समज मोडू नये, एवढी काळजी तो मनापासून घेतो. परमिटवर मागे तीन माणसं लिहिलेली असली तरी चौथ्यासाठी “मावशी, जरा पुढंमागं व्हा” हा मंत्र आहे. एकीने पाठ टेकायची, दुसरीने कडेवर टेकायचं, असं आलटून पालटून बसवलं की सीटची लांबी वाढते. हे भूमितीत बसत नाही, रिक्षात बसतं.

मला पाचवी जागा मिळाली, म्हणजे चालकाच्या सीटचा उरलेला कोपरा. एक हात त्याच्या पाठीमागच्या दांडीला, दुसरा पिशवीला, डावा गुडघा विहितगावच्या हद्दीत आणि बाकीचा मी अजून देवळाली गावात, अशा अवस्थेत कॅम्पला जाणाऱ्या लॅम रोडकडे कूच केलं.

या जागेवरून चालकाची भाषा जवळून ऐकायला मिळते. आमच्या रिक्षावाल्याला रस्त्यावर एकही परका माणूस दिसत नव्हता. सगळे नातेवाईकच. पुढच्या टेम्पोवाल्याला “मामा, जरा साइड!” हातगाडीवाल्याला “बाबा, आत घ्या.” स्कूटीवरच्या मुलीला “ताई, चला पटकन.” केस बारीक कापलेला, ताठ चालणारा माणूस दिसला की “साब, कॅम्प?” मुंबईच्या नंबरची मोठी गाडी आडवी आली की “शेठ, गाडी काढा.” या नात्यांना वय हाच निकष असतो असंही नाही. बिटकोला मी ‘दादा’ म्हणून चढलो होतो. विहितगावला पिशवीचा कोपरा त्याच्या गिअरच्या हाताला लागला तेव्हा ‘साहेब’ झालो. सुट्टे पैसे नाहीत म्हटल्यावर क्षणात ‘काका’ झालो. पैशांवरून माणसाचं वय इतक्या लवकर कोणी ठरवलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढे एक मालट्रक होता. त्याच्या पाठीवर ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’ असं लिहिलेलं. वाघ वीसच्या वेगाने चालला होता आणि त्याच्या मागे अकरा वाहनं रागाने बघत होती. वर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’, खाली ‘हॉर्न ओके प्लीज’. हे तिसरं वाक्य महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली बंद केलं. हॉर्न वाजवायला ते उगाच चिथावणी देतं, असं खात्याचं म्हणणं होतं. खात्याचं बरोबरच होतं. पण त्या वाक्यात निदान ‘प्लीज’ होतं. वाक्य बऱ्याच ट्रकांवरून पुसलं गेलं आणि नेमकं तेवढंच गेलं, हॉर्न तसाच राहिला.

त्या ट्रकवाल्याने मात्र मला चकित केलं. आमच्या रिक्षावाल्याने दोनदा डिपर मारला. ट्रकवाल्याने समोर पाहिलं, रस्ता मोकळा आहे याची खात्री केली, उजवा इंडिकेटर लावला आणि खिडकीतून हात काढून पुढे जाण्याची खूण केली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजव्या इंडिकेटरचा अर्थ ‘मी उजवीकडे वळतोय’ असा शिकवतात. हमरस्त्यावर त्याचाच अर्थ ‘या, माझ्या उजवीकडून जा’ असाही होतो. दोन्हींपैकी कोणता अर्थ चालू आहे हे ज्याला चुकीचं कळतं, त्याच्या घरी नंतर माणसं भेटायला येतात. आमच्या चालकाला बरोबर कळलं. पुढे गेल्यावर त्याने हॉर्नचा एक बारीक ठिपका दिला. तो आभाराचा. हाच हॉर्न पुढच्या सायकलवाल्यासाठी त्याने सलग वाजवला. तो आभाराचा नव्हता.

संसरी नाक्याच्या अलीकडे खरा प्रसंग घडला. रिक्षा डावीकडे दबत असताना एका मोटारसायकलवाल्या पोराने मधूनच कट मारला. करकचून ब्रेक. मागच्या दोघी मावशा पुढंमागं होत्या त्या एकदम पुढं झाल्या.

“ओ भाऊ, घरी सांगून आलाय का?”

“मामा, तुम्ही इंडिकेटर कुठं दिला?”

“पाय काढला होता ना बाहेर! डावा पाय! एवढा मोठा पाय दिसला नाही?”

“पाय म्हणजे काय इंडिकेटर आहे का?”

“मग काय! इतकी वर्षं वापरतोय, एकदा बल्ब गेला नाही त्याचा.”

माणसं जमली. कोणी पायाच्या बाजूने, कोणी बल्बच्या. मावशींनी पोराला “हेल्मेट कुठंय तुझं?” म्हणून तिसरी आघाडी उघडली. रंग भरत असतानाच शिट्टी वाजली. लाल टोपीतल्या मिलिटरी पोलिसाने रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात आडवा केला आणि सगळी वाहतूक जिथल्या तिथे थांबली.

बाजूच्या रस्त्याने लष्करी गाड्यांचा ताफा निघाला. हिरव्या रंगाचे उंच ट्रक, मागे जोडलेल्या तोफा, नंबरप्लेटवर सुरुवातीलाच वर तोंड करून उभा बाण. दोन गाड्यांमधलं अंतर सारखं, वेग सारखा, हॉर्न एकालाही नाही. कॅबमधले जवान सरळ समोर बघत होते. कोणी कोणाला मामा म्हणालं नाही, की कोणाच्या घरची चौकशी केली नाही. मागचा पुढच्याला ओलांडायला बघत नव्हता आणि पुढचा मागच्याची वाट अडवत नव्हता. सात-आठ मिनिटं नाक्यावर फक्त इंजिनांचा आवाज होता. आमचा चालक आणि ते पोरगं शेजारी शेजारी, हाताची घडी घालून बघत उभे.

शेवटची गाडी गेली. पोलिसाने हात खाली घेतला.

“हां,” चालक पोराकडे वळून म्हणाला, “काय म्हणत होता? पायाचं.”

“जाऊ द्या मामा. कामावर उशीर झाला.”

“जा. सावकाश जा, बरं का.”

पोरगं भुर्रकन गेलं, जाताना पुन्हा दोन गाड्यांना कट मारून. आमचा चालक कौतुकाने म्हणाला, “पोरगं चांगलंय. गाडी तेवढी वाईट चालवतं.”

आपल्या रस्त्यांचं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आलं. आपली सभ्यता तोंडात आहे. ती तिथून खाली, हाताशी आणि पायाशी उतरलेली नाही. समोरच्याला मामा म्हणायला आपण तयार असतो, त्याला आधी जाऊ द्यायला नसतो. ताफ्यातल्या जवानांची गोष्ट उलटी होती. त्यांनी तोंड उघडलंच नाही, पण त्यांच्या अंतरात, वेगात आणि थांबण्यात पुरेपूर अदब होती.

थांबण्याचा आणि देवळाली कॅम्पचा संबंध जुना आहे. १८६१ साली इंग्रजांनी इथे सैन्याची छावणी वसवली. विलायतेहून आलेले आणि मुदत संपवून परत निघालेले गोरे सोजीर इथे मुक्कामाला असत. सैन्याची जहाजं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची नोकरी एप्रिलात संपली, त्याने उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढायचा. कवायत नाही, काम नाही, नुसती वाट बघायची. त्यात ऊन आणि ताप. काहींची डोकी फिरली. पुढे डोकं फिरलेल्या कोणालाही इंग्रज शिपाई ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. त्यातला डूलॅली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपलाच ताप. आज इंग्लंडात, नाशिक कुठे आहे हे ठाऊक नसलेली माणसंही वेड्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात. बीबीसीने तर १९७४ ते १९८१ या काळात ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची विनोदी मालिका चालवली. तिच्या सुरुवातीच्या भागांत देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्या तोफखाना शिपायांची नाटक मंडळी आहे. आमच्या चालकाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सहा महिने थांबून वेडे झाले? आपली माणसं सिग्नलला साठ सेकंदात होतात.”

छावणी गेली नाही, फक्त धनी बदलला. तोफखान्याची शाळा देवळालीला आली आणि आजही इथे गनर घडतात. अधूनमधून रेंजवरून ‘धडाम’ ऐकू येतं. पाहुणे दचकतात, गावकरी चहाचा घोटसुद्धा चुकवत नाहीत. “आपल्याच आहेत,” एवढंच म्हणतात. मला वाटतं, या गावात मोठा आवाज करण्याचा अधिकार तोफखान्याला आहे आणि तो त्यांनी नेमून दिलेल्या मैदानात, नेमून दिलेल्या वेळी वापरावा असा नियम आहे. बाकीच्यांना तसा नियम कोणी लावलेला नाही. हवापालटासाठी बांधलेल्या जुन्या सॅनेटोरियमांच्या दारात शनिवारी मुंबईच्या गाड्या लागतात. शांतता हवी म्हणून दीडशेहून जास्त किलोमीटर आलेली ही मंडळी गेट उघडेपर्यंत हॉर्न वाजवतात. वॉचमन धावत येतो, सलाम करतो, “शेठ, आलोच” म्हणतो. त्याचं ‘आलोच’ मात्र खरं असतं.

नियमांची आपल्याकडे वाण नाही. घाटात अरुंद रस्ता असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीत लिहिलेलं आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून घाटातले जुने ड्रायव्हर ते पाळत आले आहेत. चढावर भरलेली गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलणं किती कठीण, हे त्यांना पायाने कळतं, कागदाने नाही. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड, हे २०१९ च्या दुरुस्तीत आलं. वाट देण्यासाठी दहा हजारांची भीती का घालावी लागली, याचा विचार ज्याने त्याने स्टिअरिंगवर बसून करावा.

कॅम्पात उतरलो. चालकाने सुट्ट्यांसाठी शेजारच्या पानवाल्याला हाक मारली, “मामा, पन्नासचे सुट्टे!” पानवाला वयाने त्याच्याहून बराच लहान होता. बाजारात चहा घेतला, खंडोबाच्या टेकडीवर जाऊन आलो, आणि तिथून सावरकरांच्या भगूरची रिक्षा धरली. तीही ‘एक शीट’वालीच होती.

कॅम्पला जाणाऱ्यांना माझा सल्ला थोडका आहे. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नाहीतर अकाली म्हातारे व्हाल. ‘निघालोच’ ऐकल्यावर घड्याळ बघू नका. रिक्षातून डावा पाय बाहेर आलेला दिसला की तो इंडिकेटर समजा. आणि स्वतःच्या गाडीने गेलात, तर लॅम रोडला समोरच्याला एकदा तरी आधी जाऊ द्या. त्याला मामा म्हणायची मग गरज पडत नाही.