भाऊ कॉम्प्युटर

डहाणू रोड स्टेशनपासून तलासरीच्या हायवेपर्यंत कुठल्याही पेढीवर विचारा, "तुमचा कॉम्प्युटर कोण बघतं?" उत्तर ठरलेलं : "भाऊ बघतात." भाऊंना नाव-आडनाव आहे, पण कुणाच्या मोबाइलमध्ये ते सापडायचं नाही. तिथे 'भाऊ कॉम्प्युटर' अशीच नोंद असते. मोटरसायकलच्या डिकीत लॅन केबल, पेचकस, मूठभर पेनड्राइव्ह आणि हंगाम असेल तर घोलवडचे चिकू. चिकू म्हणजे बिलापोटी झालेली वसुली.

नवं विकणारे गल्लोगल्ली आहेत. नव्याला जुन्यापुढे नमतं घ्यायला लावणारे भाऊच.

फुग्यांच्या एका कारखान्यातला डबा बघा. टेबलाखाली बसलेला, विंडोज एक्सपीवर चालणारा, दर दसऱ्याला हळदकुंकू लागून पिवळा-लाल झालेला. त्याला सगळे आदराने 'सर्व्हर' म्हणतात. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची जबाबदारी सोडली 8 एप्रिल 2014 ला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. डब्याला दोन्ही बातम्या अजून पोहोचलेल्या नाहीत. बिलावर तो आजही 'जि. ठाणे' छापतो आणि शेठ ते पेनाने खोडून 'पालघर' करतात. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, भिंतींना तडे गेले, डबा ढिम्म. घात केला तो शेठच्या मुलाने आणलेल्या विंडोज 11 च्या लॅपटॉपने. त्याला सर्व्हर दिसेचना.

"पप्पा, भंगारात टाका तो," मुलगा म्हणाला. शेठनी भाऊंना फोन लावला.

भाऊ आले. आधी चहा प्यायले, बशीतून. मग म्हणाले, "शेठ, फायली देण्याघेण्याची यांची रीत असते, एसएमबी. डब्याला पहिलीच आवृत्ती येते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय व्हायरस तिच्यातूनच जगभर घुसला. त्या वर्षाअखेरच्या विंडोज 10 पासून ती बसवूनच येत नाही."

मग 'विंडोज फीचर्स' उघडून एसएमबी 1.0 च्या खाली फक्त 'क्लायंट'वर टिक. 'सर्व्हर'वर नाही. 'ऑटोमॅटिक रिमूव्हल'वर तर नाहीच. कारण पंधरा दिवस वापर दिसला नाही की विंडोज सगळं आपणहून काढून टाकतं, आणि मुलगा लॅपटॉप घेऊन मुंबईला जातो. लॅपटॉप रीस्टार्ट झाला. तरी नाही! भाऊंनी विंडोजची आवृत्ती पाहिली : 24एच2. "हा आता बिनपासवर्डच्या मशीनला ओळखच देत नाही." डब्याला जन्मात पासवर्ड नव्हता. एक्सपीचं 'सिम्पल फाइल शेअरिंग' बंद झालं, शेठनी नातवाचं नाव पासवर्ड म्हणून दिलं आणि विसरू नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. फोल्डर उघडलं. जाता जाता भाऊंनी डब्याची इंटरनेटची वाट बंद केली. "याचं फक्त तुमच्याशी बोलणं. जगाशी नाही."

तलासरीत एका दुकानात जुनी वेबसाइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चाले. 15 जून 2022 ला एक्सप्लोरर निवृत्त झाला, तेव्हा दुकानदाराचं तोंड उतरलं. भाऊंनी एज ब्राउझरमध्ये 'आयई मोड' लावून दिला आणि वर सांगितलं, "2029 पर्यंत तरी बिनघोर राहा. तसं मायक्रोसॉफ्टनेच कबूल केलंय." त्यानंतर काय, हे दुकानदाराने विचारलं नाही. भाऊंनाही ते आवडलं.

नवी मशीन घ्या, असं भाऊ सहसा सुचवत नाहीत. त्यांचं म्हणणं, नव्यात हजार सेटिंगं असतात, एखादं मागे फिरवता येतं. जुन्याला हात लावला की ते बंदच पडतं. मला हे बरंचसं पटतं. फक्त त्यामुळे डबा आणखी पाच वर्षं जगतो आणि शेठ ते पैसे वाचले असं धरून चालतात.

तुमच्याही टेबलाखाली असा डबा असेल तर भाऊंना जरूर बोलवा. पण त्याआधी सगळ्या डेटाची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवा. भाऊ बाकी सगळं करतात, बॅकअपचं मात्र "पुढच्या वेळी बघू" म्हणतात.