नवं घर, जुनं घर आणि राहण्याचा किरकोळ प्रश्न

पुण्यातला मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात एकदा घर घेतो आणि उरलेलं आयुष्य 'तेव्हाच कोथरूडला घ्यायला हवं होतं' असं म्हणत काढतो. या दोन्हींच्या आधी काही महिने असे येतात, की निर्णय आपल्या हातात आहे असा त्याला भास होतो. नवं घ्यावं की जुनं? या काळात सल्ल्याला तोटा नसतो. मामा म्हणतात, जुनंच घे, जुन्या बांधकामात दम असतो. मामांच्या स्वतःच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दर दोन पावसाळ्यांनी होतं, पण तो विषय काढायचा नसतो. मेहुणा म्हणतो, नवं घे, अमेनिटीज बघ. मेहुण्याला पोहता येत नाही, तरी स्विमिंग पूलबद्दल त्याची मतं ठाम असतात.

सर्व गरजूंसाठी म्हणूनच ही मार्गदर्शिका.

आधी नवं घर पाहू. पाहू म्हणजे घर नव्हे, सॅम्पल फ्लॅट. घराच्या जागी सध्या खड्डा असतो आणि खड्ड्याशेजारी हा फ्लॅट थाटलेला असतो. आत आल्याबरोबर प्रशस्त वाटतं. का वाटतं, ते जरा थांबून पाहावं. खोल्यांना दारं नसतात. पलंग असा, की त्यावर सहावीतला मुलगाच पाय पसरून झोपू शकेल. कपाटाच्या जागी आरसा. ओट्यावर एक काचेची बरणी आणि तीन लिंबं. मिक्सर, कुकर, डब्यांची उतरंड, पोळपाट यांपैकी काही नाही. खिडकीबाहेर मागून दिवा सोडलेलं डोंगराचं चित्र. खऱ्या खिडकीतून काय दिसणार, असं विचारलं की सेल्सची मुलगी गोड हसून म्हणते, "सर, फेज टू."

मग हातात माहितीपुस्तक पडतं. त्यात प्रत्येक ठिकाण काही मिनिटांवर असतं. मेट्रो पाच मिनिटं, रिंगरोड दहा मिनिटं, पुरंदरचा विमानतळ जेमतेम अर्धा तास. यांतल्या निम्म्या गोष्टी अजून बांधून व्हायच्या आहेत, पण अंतरं मात्र मोजून झालेली आहेत. पाण्याचं विचारलंत तर 'कॉर्पोरेशनची लाइन मंजूर आहे' असं उत्तर मिळतं. तोवर टँकर. टँकर मात्र खरोखरच पाच मिनिटांवर असतो.

तरी आता दिवस पुष्कळ बरे आहेत. १ मे २०१७ पासून महारेरा आहे. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, क्षेत्रफळ कार्पेटमध्ये सांगावं लागतं, आणि ताबा दिल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो त्यानंच दुरुस्त करून द्यायचा असतो. पूर्वी जिना, लिफ्ट आणि वॉचमनची केबिन आपल्या हॉलमध्ये मिळवून क्षेत्रफळ सांगायची पद्धत होती, ती कागदावरून गेली. ताब्याची तारीखही संकेतस्थळावर सर्वांना दिसते. तिच्याखाली कधी कधी सुधारित तारीखही दिसते. उशीर झाल्यास व्याज मागण्याचा हक्क आहे. तो बजावेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही भरण्याचा हक्कही तुमचाच.

आता जुनं घर. इथे निदान भिंती असतात. त्या नीट पाहाव्यात. चारपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल, तर तिच्यामागे बाथरूम आहे असं समजावं. मालक म्हणतात, "सहज, दिवाळीला काढला." श्रावण चालू असतो. मालकांचा जीव घरात इतका गुंतलेला असतो, की खिडकीतल्या गंजक्या ग्रिलचेही ते वेगळे पैसे लावतात. माळ्यावरचं सामान मात्र प्रेमानं तुमच्यासाठी ठेवून जातात.

जुन्या घरात व्यवहार एका मालकाशी होत नाही, तो संस्थेच्या सेक्रेटरींशी होतो. सेक्रेटरी निवृत्त असतात आणि त्यांच्याकडे फाइल असते. हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका हद्दीत २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा नियम त्या फाइलमध्ये असतोच. त्याखालीच 'ऐच्छिक देणगी'चा ठराव असतो. ऐच्छिक म्हणजे इच्छा कमिटीची. पुढे भाग दाखला, साखळी करारनामे, भोगवटापत्र हे सगळं मागावं. भोगवटापत्र म्हटल्यावर शांतता पसरली, तर आणखी एक प्रश्न विचारून पाहावा: "कन्व्हेयन्स झालंय ना?" मोफा या फ्लॅटमालकीच्या कायद्याच्या नियमांप्रमाणे संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन तिच्या नावे व्हायला हवी. इथे पस्तीस वर्षं होत आली. सेक्रेटरी म्हणतात, "चालू आहे."

नव्या-जुन्या दोन्ही घरांकडे सरकार निर्विकार नजरेनं पाहतं. पुण्यात नवं घ्या नाहीतर जुनं, मुद्रांक शुल्क सात टक्के आणि वर नोंदणीचे जास्तीत जास्त ३०,००० रुपये. एकट्या बाईच्या नावानं घेतलं तर शुल्कात एक टक्का सूट आहे. त्यामुळे स्त्रीपुरुष समानता अनेक घरांत दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून आली. दारावरची पाटी मात्र अजून यांच्याच नावाची. फरक आहे तो जीएसटीत. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के, परवडणाऱ्या गटात एक टक्का. भोगवटापत्र मिळाल्यावर विकलेल्या घरावर आणि जुन्या घरावर शून्य. म्हणजे जे घर आहे त्यावर जीएसटी नाही, जे अजून व्हायचंय त्यावर आहे. स्वप्नं महाग असतात, हे सरकारनं दर ठरवून सांगितलं आहे.

इतकं पाहून झालं की गिऱ्हाईक जुन्या घराकडे झुकू लागतं. जागा मध्यवर्ती, शेजार बरा, खोल्या मोठ्या. तेवढ्यात एजंट जवळ येतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, भिंती काय बघताय? रीडेव्हलपमेंटला जातंय." जुन्या घराचं खरं मोल त्याच्या पडण्यात आहे, हे इथे कळतं. दर रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरते. एकूण सभासदांपैकी ५१ टक्के पुरेत, असं शासनाचं २०१९ पासूनचं धोरण. ५१ टक्के मिळतात आणि उरलेल्यांतला एक वकील निघतो. तळमजल्याला बाग हवी असते, वरच्या मजल्याला गच्ची, न्यू जर्सीतल्या सभासदाला रात्री दोन वाजता व्हिडिओ कॉलवर वास्तुशास्त्र. तोवर लिफ्ट दुरुस्त करायची नाही, पाइप बदलायचे नाहीत, कारण पाडायचंच आहे. अशा 'पाडायच्याच' इमारतींत लोकांनी मुलं वाढवली, त्यांची लग्नं लावली.

हिशेब इथे पूर्ण होतो. नव्या घराची किंमत शेजारी मेट्रो येईल म्हणून, जुन्याची किंमत त्या जागी टॉवर येईल म्हणून. एकीकडे न बांधलेल्या घराचे पैसे मागतात, दुसरीकडे न पाडलेल्या घराचे. आज, या महिन्यात, गाद्या टाकून झोपता येईल अशा घराचा भाव बाजारात कुणी सांगत नाही.

आम्ही एका एजंटाला तो विचारला. म्हटलं, वाढेल-बिढेल काही नको, पाडूही नका, फक्त राहायचंय. त्यानं आमच्याकडे कणवेनं पाहिलं. म्हणाला, "राहायचंच असेल, तर भाड्यानं घ्या ना साहेब. विकत कशाला घेताय?"