सनदशीर सीमोल्लंघन

विजयादशमीस गावाच्या शिवेबाहेर चार पावले टाकायची, आपट्याची पाने सोने म्हणून लुटायची आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परतून ओवाळून घ्यायचे, एवढ्यालाच ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सीमोल्लंघन म्हणत आले, त्या समाजातील मनुष्यास सीमा ही जमिनीवर नसून दप्तरात असते, हे ज्ञान सहसा उशिराच होते. मला ते झाले अमेरिकेतील बफलो नामक नगरी एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत उमेदवारी, म्हणजे हल्लीच्या भाषेत इंटर्नशिप, करण्याचा योग आला तेव्हा.

अशा उमेदवारास ज्या परवान्यावर अमेरिकेत प्रवेश मिळतो त्यास जे-१ म्हणतात. १९६१ सालच्या फुलब्राइट-हेज कायद्याचा त्यास आधार असून, राष्ट्राराष्ट्रांतील जनांमध्ये परस्पर सामंजस्य वाढावे हा त्या कायद्याचा हेतू इतका उदात्त आहे की तो वाचून वाचणाऱ्यास गहिवर यावा. म्हणजे सरकारदरबारी मी बफलोस नकाशे काढावयास निघालो नव्हतो. दोन संस्कृतींचा संगम घडवून आणण्यास निघालो होतो आणि हाताला चाळा म्हणून मधूनमधून नकाशे काढणार होतो. या संगमाची सनद, डीएस-२०१९ नावाची, ज्या कचेरीत काम करायचे ती कचेरी देत नाही; अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली एक पुरस्कर्ती संस्था देते. तिच्या जोडीला डीएस-७००२ हा प्रशिक्षणाचा आराखडा असतो, आणि त्यात, उमेदवारास सांस्कृतिक उपक्रमांत भाग घेता यावा म्हणून कोणती तजवीज केली आहे, असा एक रोखठोक प्रश्न असतो. माझ्या भावी साहेबांनी त्या चौकटीत लिहून धाडले होते: बेसबॉलचा एक सामना, थँक्सगिव्हिंगचे भोजन, आणि कोंबडीच्या पंखांची ती जगप्रसिद्ध तिखट कृती जेथे १९६४ साली जन्मली असे मानतात त्या खाणावळीस एक भेट. संस्कृतीच्या व्याख्येपायी आपल्याकडे व्याख्यानमालांची व्यासपीठे झिजली. या गृहस्थाने ती तीन ओळींत, तीही वेळापत्रकासह, निकालात काढली.

यानंतर २२० डॉलरांची नोंदणी फी भरून अर्जदार वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीच्या दारी रुजू होतो, आणि तेथे त्याची गाठ दुसऱ्या एका कायद्याशी पडते. या कायद्याचे कलम २१४(ब) असे मानून चालते की, अर्जदाराने उलट खातरजमा करून देईपर्यंत तो अमेरिकेत कायमचा ठाण मांडण्याच्याच इराद्याने आलेला आहे. एका कायद्याने स्नेहाचे आमंत्रण धाडायचे आणि दुसऱ्याने आमंत्रिताच्या हेतूवर आगाऊ संशय नोंदवून ठेवायचा, ही त्या सरकारची रीत मला, खरे सांगायचे तर, लबाडीची वाटली नाही. आपल्याकडील वधूपक्ष आणि वरपक्ष यांचे प्रथम भेटीतील वर्तन याहून फारसे निराळे नसते.

माझ्या परतीचा पुरावा म्हणून मामांनी वडिलार्जित जमिनीच्या सातबाऱ्याचा उतारा बरोबर दिला होता. त्यावर सहहिस्सेदारांची नावे इतकी होती की त्यांस एक पृष्ठ पुरत नव्हते. “वाटणीचा दावा चालू असताना मराठी मनुष्य परमुलखात स्थायिक होत नाही, एवढे त्या साहेबाला नीट समजावून सांग,” अशी त्यांची आज्ञा होती, आणि त्यांचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. परंतु काचेपलीकडील अधिकाऱ्याने ना सातबारा पाहिला, ना माझी पदवी; परत येऊन काय करणार, एवढेच विचारले, आणि उत्तर संपण्यापूर्वीच पासपोर्ट ठेवून घेतला. काही जे-१ धारकांवर मायदेशी दोन वर्षे राहण्याचे बंधन असते. स्वदेशास दुर्मीळ असलेली विद्या त्यांनी तेथे नेऊन पेरावी, हा त्यामागील एक हेतू. कोणत्या देशास कोणती विद्या दुर्मीळ याची यादी वॉशिंग्टनात ठरते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारताचे नाव गळाले. भारतात आता कोणत्याही कौशल्याचा दुष्काळ उरलेला नाही, असा हा परस्पर मिळालेला दाखला. आमच्या सोसायटीत नळदुरुस्तीसाठी मनुष्य शोधणाऱ्यांनी तो मढवून लावण्यास हरकत नाही.

प्रत्यक्ष सीमा मी ओलांडली ती अबुधाबीच्या विमानतळावर. २०१४ पासून तेथे अमेरिकेचे तपासनीस आपले ठाणे मांडून बसले आहेत. बाहेर अरबस्तानातील ऊन, भूमीवर अमिरातीचा कायदा, आणि मधल्या एका दालनात ध्वज, गणवेश व शिक्के अमेरिकेचे! न्यूयॉर्क अद्याप सातासमुद्रांपलीकडे असताना मनुष्य अमेरिकेत ‘दाखल’ होतो आणि तेथे उतरल्यावर जणू शिकागोहून आल्याप्रमाणे मुकाट्याने सामान घेऊन चालू लागतो. भूगोलाचा असा पराभव पुराणांतील ऋषींनी तपोबलाने केला असेल. येथे तो रांगेने केला होता.

“कशासाठी चाललात?” तपासनिसाने विचारले.

“सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी,” मी कायद्याला धरून म्हणालो.

“ते सगळेच म्हणतात. काम काय करणार?”

मी वास्तुशिल्प म्हणालो. कार्यक्रमाच्या आरंभापूर्वी तीस दिवसांहून अधिक लवकर तर येत नाही ना, हे त्याने सनदेवरील तारखेशी ताडून पाहिले, बोटांचे ठसे घेतले, आणि मग सर्वांत कठीण प्रश्न विचारला: “सामानात खाद्यपदार्थ?” मी गोडा मसाला, मेथकूट, लिंबाचे लोणचे आणि डिंकाचे लाडू यांची यादी वाचली, तेव्हा मेथकुटापाशी त्याची मुद्रा प्रथमच सांस्कृतिक झाली. मावशीने देऊ केलेले हापूस मी घरीच ठेवले होते, कारण आंब्याचे सीमोल्लंघन माझ्याहूनही अवघड: २००७ साली आमचा आंबा अमेरिकेत पुन्हा प्रवेशला तो लासलगावी किरणांचा मारा सोसून. माझ्यावर निदान तो प्रसंग आला नव्हता.

बफलोस पोहोचल्यावर नायगारा पाहिला नाही असा उमेदवार नसतो. अमेरिकेच्या बाजूने धबधबा कडेने दिसतो. त्याचे समोरून दर्शन हवे तर १९४१ साली खुला झालेल्या रेनबो पुलावरून कॅनडात जावे लागते, आणि भारतीय पासपोर्टास त्यासाठी कॅनडाचा निराळा व्हिसा लागतो. खाली एकाच पाण्याचे तुषार उडत असतात. परंतु अमेरिकन नौकेतील प्रवासी निळा झगा पांघरून भिजतात आणि कॅनडाच्या नौकेतील तांबडा. माझ्यासोबत कॅनडात आलेल्या एका परदेशी सहकाऱ्याच्या अमेरिकन व्हिसाची मुदत तर संपूनही गेली होती. तरी कॅनडात तीस दिवसांच्या आत फेरफटका मारून परतणाऱ्या अशा पाहुण्यास, त्याची सनद व प्रवेशनोंद शाबूत असल्यास आणि कॅनडात त्याने नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसल्यास, अमेरिका बहुधा परत घेते. सारांश, मेलेला व्हिसा नायगाऱ्याच्या काठी महिनाभर जिवंत मानला जातो. परतताना मात्र आम्हां दोघांकडे एकच गोष्ट मागण्यात आली: डीएस-२०१९, आणि तीवर पुरस्कर्त्या संस्थेची वर्षाच्या आतील प्रवासाची सही.

तेव्हा जे-१ वर जाणाऱ्या वाचकांनी लाडू कोठेही ठेवावेत. सनद मात्र खालच्या सामानात न देता हातातील पिशवीत ठेवावी, पूल पाहण्यास निघण्यापूर्वी तीवर सही घ्यावी, आणि खिशात सुटे पैसे असू द्यावेत, कारण रेनबो पुलावरून पायी परतणाऱ्यास कॅनडातून निघताना पुलाचा टोल द्यावा लागतो.