मार्गशीर्षातली टर्की

टर्की आणायला निघण्याआधी माणसानं आपल्याच फ्रिजचं दार उघडून जरा वेळ उभं राहावं. आमच्या जर्सी सिटीच्या फ्लॅटमधल्या फ्रिजमध्ये नोव्हेंबरअखेर काय काय असतं म्हणून सांगू! इडलीचं पीठ, विरजणाचं पातेलं, सासूबाईंनी कोल्हापूरहून आणलेली कांदा-लसूण मसाल्याची बरणी, ओल्या कागदात गुंडाळलेली कोथिंबीर, दिवाळीत कुणीतरी दिलेले आणि केवळ 'टाकवत नाही' म्हणून राहिलेले मिठाईचे डबे. शिवाय मागच्या कोपऱ्यात एक झाकणबंद डबा असतो, त्याच्याविषयी घरात कुणी बोलत नाही. एवढ्या दाटीवाटीत चौदा पौंडांचा, म्हणजे सव्वासहा किलोंचा पक्षी तंगड्या वर करून राहायला येणार असतो.

चौदा पौंड का, तर इथलं शेतीखातं सांगतं, माणशी एक पौंड धरा. हाडं धरून, अर्थात. हा हिशोब आमच्या पंगतीला लागू पडत नाही, कारण निम्मी मंडळी "आम्ही नुसतं बटाट्याचं खाऊ" म्हणणारी आणि उरलेली निम्मी माणशी दोन पौंडांची. सरासरी मात्र बरोबर येते.

गोठवलेली टर्की स्वस्त मिळते आणि आधी कधीही आणून फ्रीझरमध्ये टाकता येते. पण तिचं बर्फ उतरवायचं तर फ्रिजमध्ये दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो. म्हणजे आमच्या पक्ष्याला तीन दिवस. तीन दिवस खालचा कप्पा अडवून बसणार कोण आणि तोवर इडलीचं पीठ जाणार कुठे? म्हणून आम्ही ताजी घेतो. ताजीचा थाट वेगळा. ती आधी सांगून ठेवावी लागते आणि आणल्यापासून एक-दोन दिवसांत ओव्हनमध्ये गेलीच पाहिजे. मसाला भरून तयार ठेवलेली ताजी टर्की तर घेऊच नका, असं शेतीखातं बजावतं.

'ताजी' कशाला म्हणायचं, हे इथे कायद्यानं ठरलेलं आहे. २६ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे तीन सेल्सियसच्या खाली जी कधी गेलीच नाही, ती ताजी. पाणी ३२ अंशांना गोठतं, पण मांसातल्या पाण्यात क्षार वगैरे विरघळलेले असल्यामुळे ते आणखी थोडी थंडी सोसून मऊ राहतं. हा नियम १९९७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधी शून्य फॅरनहाइटच्या वर ठेवलेला कोंबडा दगडासारखा कडक झाला, तरी ताजा म्हणून विकता येत असे. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे उभं राहून "पुढचं द्या, आणि दोन नळ्या टाका" असं सांगणाऱ्या आणि दुपारी बारानंतरच्या मटणाला शिळं म्हणणाऱ्या त्या बाई. त्यांनी दुकानातच प्लॅस्टिकवरून पक्ष्याच्या छातीवर अंगठा रोवला, मांस दबलं, आणि "असू दे" म्हणाल्या. माझ्या मते २६ अंशांचा नियम लिहिणाऱ्यांनीही आधी अंगठाच लावून पाहिला असणार.

खरी पंचाईत तापमानाची नाही, वाराची आहे. ही टर्की ज्या सणाची, तो थँक्सगिव्हिंग नेहमी गुरुवारी येतो. लिंकननं १८६३ साली नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरवला. १९३९ साली शेवटचा गुरुवार पार तीस तारखेला आला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी उरतात म्हणून व्यापारी कुरकुरले आणि रुझवेल्टनं सण आठवडाभर अलीकडे ओढला. देशात गदारोळ झाला. काही राज्यांनी नवा गुरुवार धरला, काहींनी जुनाच, आपल्याकडे स्मार्त आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी येतात तसं. शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसनं कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. एवढी भांडणं झाली, पण गुरुवारऐवजी दुसरा वार घेऊ या, असं काही झालं नाही. दत्ताचा वार, साईबाबांचा वार, आणि त्या दिवशी अख्खा देश पक्षी भाजत बसलेला.

एरवी आम्ही नुसता गुरुवार पाळत नाही. मार्गशीर्षातले मात्र पाळतो. काही घरांत महिनाभर बंद असतं, आमच्याकडे गुरुवारपुरतं. आणि २०२५ साली मार्गशीर्षाचा पहिला गुरुवार आला २७ नोव्हेंबरला, नेमका थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. सासूबाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, त्या दिवशी घरात महालक्ष्मीचा घट असतोय." जेवण शुक्रवारी करायचं ठरलं. पाहुण्यांना अडचण नव्हती, त्यांनाही सुट्टी होती. अडचण होती ती पक्ष्याची. दुकान गुरुवारी बंद, म्हणजे आणायचा बुधवारी संध्याकाळी आणि भाजायचा शुक्रवारी दुपारी. शेतीखात्याची दोन दिवसांची मुदत अशी कड गाठून पाळली जात होती. पण मधला अख्खा गुरुवार घरात एकीकडे घट आणि एकीकडे टर्की.

नवऱ्यानं सुचवलं, बाल्कनीत ठेवू, बाहेर थंडी आहेच. इथे दरवर्षी हे कुणाला ना कुणाला सुचतं. पण बाहेरची थंडी दिवसभर सारखी नसते. दुपारी उन्हाची तिरीप आली की पारा चाळीसच्या वर जातो. चाळीस ते एकशेचाळीस अंशांच्या दरम्यान जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. बटरबॉल कंपनीनं १९८१ पासून टर्कीच्या शंकांसाठी फोनसेवा चालवली आहे, पहिल्या वर्षी गृहशास्त्र शिकलेल्या सहा बाया फोनवर बसल्या होत्या. तिथे म्हणे एका गृहस्थांचा फोन आला होता: टर्की अंगणातल्या बर्फात पुरून ठेवली होती, रात्री आणखी बर्फ पडला, आता सापडत नाही. बाल्कनी रद्द झाली.

मग सासूबाईंनी फ्रिजचा कारभार हाती घेतला. वरच्या कप्प्यात नैवेद्याचं दूध, खीर आणि फळं. मधल्यात रोजचं. टर्की सगळ्यात खाली, कड असलेल्या परातीत, वरून झाकलेली, आणि तिच्या आसपास दुसरं काही नाही. "तिचं पाणी माझ्या खिरीला लागायला नको." शेतीखातंही अगदी हेच सांगतं: कच्चा पक्षी तळाच्या कप्प्यात, खाली ताट, म्हणजे त्याचा रस दुसऱ्या अन्नावर ठिबकणार नाही. एकाचं कारण साल्मोनेला, दुसरीचं सोवळं. परात त्याच जागी. एवढं करून सासूबाईंनी माझ्याकडून एक थर्मामीटर मागवून घेतला आणि दुधाशेजारी ठेवला. चाळीसच्या खाली काटा आहे की नाही, हे पाहायला त्या इतक्यांदा दार उघडायच्या की तो वर सरकायला लागला. शेवटी दारावर चिठ्ठी लावावी लागली.

तह बिघडला तो धुण्यावरून. शुक्रवारी सकाळी त्या पदर खोचून सिंकपाशी आल्या. हळदमीठ लावून स्वच्छ धुतल्याशिवाय मांस चुलीवर चढवायचं नाही, ही त्यांची आयुष्यभराची रीत. इथलं म्हणणं उलट. धुऊ नका, पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू सिंकभर आणि ओट्यावर उडतात, पक्ष्यावरचे मरतात ते उष्णतेनंच. "आई, ओव्हनमध्ये १६५ अंशांना सगळं मरतं," मी म्हटलं. "मरतंय तर मरू दे की, पण मेलेलं खायचं का मग?" या प्रश्नाला शेतीखात्याकडे उत्तर असेल असं वाटत नाही. तोड निघाली ती अशी: पाणी नाही, पण हळदमीठ लावायचं. कागदानं टिपून घेतलेल्या पक्ष्याला त्यांनी आतून-बाहेरून ते चोळलं. पोटातली कागदी पुडी निघाली, तिच्यात मान आणि कलेजी-पेटा. तो ऐवज पाहून त्या पहिल्यांदा खुलल्या. "एवढं तरी शहाणपणाचं काम केलंय यांनी."

साठवणुकीचा सगळ्यात सोपा मार्ग जहांगीर बादशहाला जमला होता. १६१२ साली मुकर्रबखानानं गोव्याहून त्याच्यासाठी टर्की आणली, ती जिवंत. बादशहानं तिच्या डोक्यामानेचे पालटते रंग आत्मचरित्रात वर्णिले, मन्सूर या चित्रकाराकडून चित्र काढवून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. फ्रिज लागला नाही.

आमची टर्की मांडीच्या आतल्या बाजूला १६५ अंश दाखवून बाहेर आली, तांबूस आणि जराशी पिवळी. उरलेलं मांस दोन तासांच्या आत सोडवून उथळ डब्यांत गेलं. ते तीन-चार दिवसांत संपवायचं असतं, पण तो प्रश्न आला नाही. सांगाडा सासूबाईंनी टाकू दिला नाही. शनिवारी त्याचं पाणी काढून, नारळाचं दूध आणि खसखस घालून पांढरा रस्सा केला. आमचे बोस्टनचे पाहुणे तो चमच्यानं पीत होते आणि कृती विचारत होते.

परवा सासूबाईंचा कोल्हापूरहून फोन आला. २०२६ चं कालनिर्णय पाहिलं म्हणाल्या. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे मार्गशीर्ष पार डिसेंबरात गेलाय. थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला, कार्तिकात. "गुरुवारीच करा यंदा, लोकांबरोबर. आणि सांगाडा ठेवा, मी येतेय."